‘ऑप्टिमम’ सापडला, पण दोष गेला कुठं? काचेच्या लेन्स मोल्डिंगवरचे पेपर कसे वाचावेत

काचेची लेन्स साच्यात दाबून बनवताना येणारे दोष कसे कमी करायचे, या विषयावर दरवर्षी भरपूर पेपर निघतात. त्यातल्या बऱ्याच पेपरांचा शेवट एकाच वळणाचा असतो. तापमान इतकं ठेवा, बल इतकं लावा, दाब इतके सेकंद धरा, थंड इतक्या वेगानं करा, की दोष सगळ्यात कमी. एक तक्ता, एक आलेख, ‘ऑप्टिमम पॅरामीटर’ असं ठळक अक्षरात, आणि पेपर संपला.

आजच्या लेखात मला या पद्धतीवर टीका करायची आहे. हे पेपर खोटे असतात असं मी म्हणत नाही. त्यातली मोजमापं बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. पण ते अर्धे असतात. दोष कमी झाला हे सांगतात, आणि त्या बदल्यात दुसरं काय वाढलं हे सांगत नाहीत. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, आणि कुणी ‘मोल्डिंगवर ऑप्टिमायझेशन करून टाक, लवकर होतं’ असा सल्ला दिला असेल, तर पुढचं नीट वाचा. प्रश्न तुमच्या चार-पाच वर्षांचा आहे.

आमच्या शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर भागातल्या पोरापोरींना तर हे जास्तच लागू आहे. आपण लातूर पॅटर्नच्या वातावरणात वाढलो. चार पर्याय, त्यातला एक बरोबर, आणि तो लवकर शोधायचा. परीक्षेत ही सवय कामाला येते. संशोधनात मात्र हीच सवय आपल्याला ‘ऑप्टिमम’ शब्दाच्या प्रेमात पाडते, कारण तो बरोबर पर्यायासारखा दिसतो.

आधी प्रक्रिया समजून घेऊ

प्रिसिजन ग्लास मोल्डिंग म्हणजे काय? काचेची छोटी गोळी किंवा चकती (तिला प्रीफॉर्म म्हणतात) वरच्या आणि खालच्या साच्यामध्ये ठेवायची. साचे टंगस्टन कार्बाइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे, आरशासारखे गुळगुळीत घासलेले. आतली हवा काढून नायट्रोजन सोडायचा, नाहीतर साचा गंजतो. मग काच आणि साचे दोन्ही तापवायचे, काच मऊ झाली की दाबायची, थोडं बल धरून ठेवून हळू थंड करायची, मग वेगानं थंड करायची आणि लेन्स बाहेर काढायची. एक फेरी काही मिनिटांची. नंतर घासणं नाही, पॉलिश नाही. साच्याचा आकार तोच लेन्सचा आकार, निदान तशी अपेक्षा तरी असते.

तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं असेल तर यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे. काहिलीतला गुळ नेमका कधी उतरवायचा यावर सगळं असतं. लवकर उतरवला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर रंग बिघडतो. साच्याला चिकटू नये म्हणून आत फडकं अंथरतात, आणि त्या फडक्याची वीण ढेपेवर उमटते. लेन्सच्या साच्यावरही असंच ‘फडकं’ असतं. प्लॅटिनम-इरिडियमचा किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा अतिपातळ थर. आणि त्या थराचा खडबडीतपणाही लेन्सवर जसाच्या तसा उमटतो. फरक मोजमापाचा. ढेपेला मिलिमीटर चालतो, लेन्सला मायक्रॉनचा दहावा भागसुद्धा खटकतो.

ही पद्धत सगळीकडे वापरत नाहीत हेही लक्षात ठेवा. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिथं लागणारे आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे आणि ४० किलो वजनाचे असतात, शुद्ध सिलिका काचेचे. ते साच्यात दाबून होत नाहीत, घासून आणि पॉलिश करून होतात. सिलिका मऊ व्हायला फार जास्त तापमान लागतं, आणि संख्याही मोजकी. मोल्डिंग परवडतं ते लहान आणि एकसारख्या हजारो लेन्स लागतात तेव्हा. कॅमेऱ्याची ॲस्फेरिक लेन्स, लेझर डायोडसमोरची लेन्स, थर्मल कॅमेऱ्याची लेन्स. १९७४ मध्ये कोडॅकच्या संशोधकांना काचेच्या लेन्स मोल्ड करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, ते अशाच मोठ्या उत्पादनाच्या गरजेतून.

एक दोष दाबला की दुसरा वर येतो

आता मुख्य मुद्दा. दोषांची यादी प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत सापडते. आकार चुकणं, अपवर्तनांक बदलणं, आत ताण अडकणं, तडा जाणं, मध्ये वायू अडकून खळगा पडणं, काच साच्याला चिकटणं, पृष्ठभाग धुरकट होणं. यादी पाठ करू नका. त्यांचं एकमेकांशी असलेलं भांडण समजून घ्या.

तापमान वाढवलं तर? काच मऊ होते, साचा नीट भरतो, बल कमी लागतं, दाबताना तडा जायची शक्यता कमी होते. पण चिकटणं वाढतं, साच्यावरचा थर लवकर झिजतो, आणि काचेतले उडून जाणारे घटक बाहेर पडून पृष्ठभाग धुरकट होतो.

थंड करायचा वेग कमी केला तर? आतला ताण कमी होतो, अपवर्तनांक कमी ढळतो. पण एका फेरीचा वेळ वाढतो, म्हणजे लेन्स महाग होते, आणि साचा जास्त वेळ गरम काचेच्या संपर्कात राहतो.

निर्वातात दाबलं तर? मध्ये वायू अडकत नाही. पण निर्वातात उडून जाणारे घटक अजून सहज उडतात, आणि वायू नसल्यामुळे काचेपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. याऐवजी प्रीफॉर्मची वक्रता अशी निवडता येते की काच आधी मध्यभागी टेकेल आणि वायू कडेनं बाहेर ढकलला जाईल. पण मग काचेला जास्त पसरावं लागतं.

थंड करताना बल धरून ठेवलं तर? काच साच्याला सोडून आक्रसत नाही, आकार चांगला राहतो. पण काच घट्ट होत असताना बल जास्त असेल तर ताण आत गोठतो, तडाही जाऊ शकतो.

आता सांगा, यातला ‘ऑप्टिमम’ कोणता? तुम्ही फक्त आकाराची चूक मोजलीत तर एक उत्तर येईल. फक्त ताण मोजलात तर दुसरं. साचा किती फेऱ्या टिकतो हे पाहिलंत तर तिसरं. पेपरमध्ये एकच दोष मोजला असेल आणि वर ‘ऑप्टिमम’ लिहिलं असेल, तर तो शब्द त्या एका दोषापुरता आहे. वाचताना पेन्सिलनं शेजारी लिहून ठेवा: कशासाठी ऑप्टिमम?

तक्रार पहिली: नऊ प्रयोग, आणि शून्य शंका

आपल्याकडच्या यांत्रिकीच्या प्रबंधांत तागुची पद्धत आणि तिचा एल-९ तक्ता फार दिसतो. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या. सगळे मेळ करायचे तर ८१ प्रयोग होतात, एल-९ मध्ये ९ च करायचे. स्वस्त, सुटसुटीत, आणि प्रबंधात तक्ता छान दिसतो.

पण याची किंमत काय? नऊ प्रयोगांतून आठ स्वतंत्र माहित्या मिळतात. चार घटक, प्रत्येकाला दोन, म्हणजे आठही संपल्या. घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात हे मोजायला काही उरत नाही. प्रयोगातली चूक किती हे मोजायलाही उरत नाही, जोवर तुम्ही तोच प्रयोग पुन्हा करत नाही.

घटक आपापलं काम स्वतंत्रपणे करत असते तर हे चाललं असतं. काच तशी वागत नाही. मऊ काच किती पसरेल हे ढोबळमानानं बल गुणिले वेळ भागिले व्हिस्कॉसिटी यावर ठरतं. आणि मोल्डिंगच्या काचांची व्हिस्कॉसिटी त्या पट्ट्यात साधारण २० ते ३० अंशांच्या फरकानं दहापट बदलते. म्हणजे कमी तापमानाला वेळ दुप्पट केल्यानं जो फरक पडतो, तो जास्त तापमानाला पडेलच असं नाही, कारण तिथं साचा आधीच भरून गेलेला असतो. घटकांचा हा परस्परसंबंधच या प्रक्रियेचा गाभा आहे, आणि नेमका तोच एल-९ मध्ये दुसऱ्या कुठल्यातरी घटकाच्या नावावर जमा होतो. पेपरात लिहिलेलं असतं, ‘बलाचा वाटा इतके टक्के’. त्यातला किती वाटा खरंच बलाचा, हे त्या तक्त्यातून कळायला मार्ग नसतो.

तागुची पद्धत वाईट आहे का? नाही. कारखान्यातल्या इंजिनिअरला त्याच मशीनवर, तीच काच, तोच साचा घेऊन पुढच्या आठवड्यात माल काढायचा असतो. त्याला नऊ प्रयोगांत बरं उत्तर मिळालं आणि शेवटी एक खात्रीचा प्रयोग करून ते पटलं, तर त्याचं काम झालं. अडचण होते ती त्याचं उत्तर ज्ञान म्हणून छापलं जातं तेव्हा. दुसऱ्या मशीनवर तापमापक वेगळ्या जागी असतो, साच्याची जाडी वेगळी असते, काच वेगळी असते. तिथं ते आकडे कामाचे नसतात. पुढं नेता येतं ते फक्त कारण.

तक्रार दुसरी: उधारीच्या आकड्यांचं सिम्युलेशन

मशीन महाग, म्हणून बरेच जण सॉफ्टवेअरकडे वळतात. त्यात चूक काही नाही. पण आत काय भरलंय ते पाहा.

काच टीजीच्या आसपास (टीजी म्हणजे काच घट्ट अवस्थेत जाते तो पट्टा) विचित्र वागते. ती पाण्यासारखी वाहतही नाही आणि धातूसारखी अडूनही राहत नाही. तिच्यातला ताण किती वेळात ओसरतो याचा ढोबळ अंदाज व्हिस्कॉसिटी भागिले कर्तन-मापांक असा काढता येतो. काचेचा कर्तन-मापांक साधारण ३० गिगापास्कल धरा. दाबण्याच्या तापमानाला व्हिस्कॉसिटी १० चा ८ वा घात पास्कल-सेकंद असेल, तर ताण ओसरायला सेकंदाचा काही हजारावा भाग पुरतो. टीजीजवळ ती १० चा १२ वा घात होते, म्हणजे अर्धा मिनिट. आणखी तीसेक अंश खाली गेलात की १० चा साडेतेरावा घात, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं.

आता मशीन दर सेकंदाला एक अंश या वेगानं थंड करत असेल, तर हे तीस अंश तीस सेकंदांत पार होतात. ताणाला ओसरायला वेळच मिळत नाही, तो आत गोठतो. लेन्सचं नशीब शेकडो अंशांच्या प्रवासात या छोट्याशा पट्ट्यात ठरतं. म्हणून सिम्युलेशन खरं की खोटं हे दाबण्याच्या टप्प्यावर कळत नाही, या पट्ट्यातल्या काचेच्या वागण्याचे आकडे कुठून आणले यावर ठरतं.

या वागण्याचं जे गणित आज सगळे वापरतात, त्याची गोष्ट माहीत असू द्या. १९४६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या आर्थर टूल यांनी ‘फिक्टिव्ह टेम्परेचर’ची कल्पना मांडली. सोप्या भाषेत, काचेची आतली रचना कोणत्या तापमानाला गोठलीय ते तापमान. १९७१ मध्ये फोर्ड मोटर कंपनीत काम करणाऱ्या ओ. एस. नारायणस्वामी यांनी त्यावरून पूर्ण प्रारूप तयार केलं आणि ते अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. मोटारींची टफन केलेली काच समजून घेताना उपयोगी पडणारं हे गणित पुढं लेन्सच्या कामी आलं. त्यात प्रत्येक काचेसाठी काही आकडे स्वतंत्रपणे मोजावे लागतात: रचना किती वेगानं सैलावते, तापमानाशी तो वेग कसा बदलतो, त्या सैलावण्याचा आलेख किती पसरट आहे.

बरेच पेपर इथं गुपचूप उधारी करतात. काच एक, आकडे दुसऱ्याच काचेचे. घर्षणाचा गुणांक ‘गृहीत धरला’. काच आणि साच्यामधून उष्णता किती जाते तेही ‘गृहीत धरलं’. मग शेवटी सिम्युलेशनचा वक्र आणि प्रयोगाचा वक्र एकावर एक बसवून दाखवतात. तुमच्या हातात फिरवायला चार-पाच खुंट्या असतील, तर एक वक्र जुळवणं अवघड नसतं. जुळला म्हणून प्रारूप बरोबर ठरत नाही. वेगळ्या वेगानं थंड करून, खुंट्यांना हात न लावता, पुन्हा जुळलं तर मानायचं.

तक्रार तिसरी: दहा लेन्सवर शिक्कामोर्तब

‘सुचवलेल्या पॅरामीटरवर दहा लेन्स बनवल्या, एकीलाही तडा गेला नाही.’ वाचायला बरं वाटतं. पण दहापैकी शून्य याचा अर्थ काय? साधं गणित करा. खरं तडा जाण्याचं प्रमाण २५ टक्के असतं, तरी सलग दहा लेन्स धड निघण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे दहा धड लेन्सवरून तुम्ही ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणू शकता की प्रमाण साधारण २६ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ते एक टक्क्याच्या आत आहे असं म्हणायचं तर सलग तीनशेच्या आसपास लेन्स धड निघाव्या लागतात.

साच्यावरच्या थराचं तर आणखी वेगळं. तो पहिल्या दहा फेऱ्यांत झिजत नाही. त्याची परीक्षा शेकडो-हजारो फेऱ्यांनंतर होते. दहा फेऱ्यांच्या पेपरात चिकटण्याच्या दोषाबद्दल निष्कर्ष असेल, तर तो नव्या साच्याबद्दल आहे, एवढंच समजा.

प्रयोगशाळेत तीनशे लेन्स बनवणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. मग दावा तेवढा लहान करा. ‘दहापैकी एकीलाही तडा नाही’ हे वाक्य खरं आहे. ‘तड्याचा दोष दूर झाला’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

मग चांगलं काम कसं असतं?

नुसती टीका करून उपयोग नाही. दोन पेपर सांगतो, ते काय विचारतात हे बघण्यासाठी वाचा.

पहिला, ओहायो स्टेट विद्यापीठातले ॲलन यी आणि अनुराग जैन यांचा २००५ मधला, अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या नियतकालिकातला. विषय ॲस्फेरिक काचेच्या लेन्सचं मोल्डिंग, आणि शीर्षकातच प्रयोग व संगणकीय विश्लेषण एकत्र असल्याचं म्हटलंय. आज तो जुना वाटेल. पण प्रयोगानं सिम्युलेशनला आणि सिम्युलेशननं प्रयोगाला प्रश्न विचारायचे, ही शिस्त त्यातून शिकण्यासारखी आहे.

दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये अप्लाइड ऑप्टिक्समध्ये आलेला, लीजुआन सू, यी आणि जर्मनीतल्या आखनच्या सहकाऱ्यांचा. हा पेपर लेन्सच्या आकाराऐवजी तिच्या अपवर्तनांकाकडे पाहतो. याचं महत्त्व समजून घ्या. आकार प्रोफाइलोमीटरवर लगेच दिसतो, म्हणून सगळे आकारच मोजतात. पण उजेड लेन्सच्या आतून जातो. आकार तंतोतंत बरोबर आणि अपवर्तनांक ढळलेला, अशी लेन्स नापासच.

तो का ढळतो? शॉटसारख्या कंपनीच्या कॅटलॉगमधला अपवर्तनांक काच तासाला दोन अंश इतक्या संथ वेगानं थंड केल्यावरचा असतो. आपलं मशीन सेकंदाला एक अंश, म्हणजे तासाला ३६०० अंश. अठराशे पट वेग. काचेची रचना जास्त तापमानाला गोठते, ती थोडी विरळ राहते, आणि अपवर्तनांक घसरतो. मोल्डिंगच्या काचांमध्ये हा फरक तिसऱ्या दशांश स्थानावर दिसू शकतो. लेन्स डिझाइन करणाऱ्यासाठी हा मोठा फरक आहे. सगळी लेन्स सारखीच घसरली तर डिझाइनमध्ये आधीच तजवीज करता येते. पण कड आधी आणि मध्य नंतर थंड झाला, तर घसरण जागोजागी वेगळी होते. त्यावर साचा बदलून पूर्ण उपाय होत नाही.

इथं एक महत्त्वाचा धडा आहे. आकाराची चूक बघा. दहा मिलिमीटरची लेन्स ५०० अंशांवरून थंड होताना दर अंशाला काच साच्यापेक्षा दहा लाखांत चार भाग जास्त आक्रसते असं धरा. काचेचे साधारण नऊ, टंगस्टन कार्बाइडचे साधारण पाच. ४८० अंशांत व्यासात १९ मायक्रॉनचा फरक पडतो. लेन्सच्या एक मिलिमीटर उंचीत जवळपास दोन मायक्रॉन. हेलियम-निऑन लेझरच्या तरंगलांबीचा चौथा भाग ०.१६ मायक्रॉन असतो, म्हणजे ही चूक त्याच्या बारा पट. ऐकायला भयंकर. पण ही चूक दरवेळी तशीच येत असेल, तर साचाच उलट्या बाजूनं तेवढा चुकवून कापतात आणि प्रश्न मिटतो. कारखान्यांत हेच करतात. म्हणजे मोठी पण ठरलेली चूक परवडते, लहान पण बेभरवशाची चूक परवडत नाही.

म्हणून मी पेपरमध्ये सरासरीच्या आधी विखुरलेपणा शोधतो. दोष ‘कमी’ झाला का, यापेक्षा दोष ‘स्थिर’ झाला का? बऱ्याच ऑप्टिमायझेशनच्या पेपरांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. आणि साच्याची ही दुरुस्ती फक्त त्याच तापमान-वेळेच्या फेरीपुरती खरी असते. नंतर कुणी ताण कमी करायला थंड करायचा वेग बदलला, की आकार पुन्हा चुकतो. दोषांचं भांडण इथंही सुटत नाही.

तुमच्या निवडीसाठी

बार्टी, सारथी, महाज्योती, कोणतीही फेलोशिप असो, तिची वर्षं मोजलेली असतात. घरचे विचारत असतात, ‘कधी संपणार?’ अशा वेळी नऊ प्रयोगांचा विषय मोहात पाडतो. पदवी कदाचित मिळेलही. पण व्हायवाला समोरच्यानं ‘असं का झालं?’ एवढंच विचारलं, तर तक्त्यात उत्तर नसतं. पुढं नोकरीच्या मुलाखतीतही तोच प्रश्न येतो.

मोल्डिंगचं मशीन जवळ नसेल तरी या विषयात खरं काम करता येतं, असं माझं मत आहे. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मफल भट्टी असते. मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या स्वस्त मिळतात. दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये काच धरली की आतला ताण रंगांत दिसतो, एका बाजूला एलसीडीचा पडदाही चालतो. बीके-७ सारख्या काचेत एक मेगापास्कल ताण असेल, तर पाच मिलिमीटर जाडीत प्रकाशाच्या दोन घटकांत साधारण १४ नॅनोमीटरचा फरक पडतो. एवढा लहान फरक डोळ्यानं मोजता येत नाही, पण झटक्यात थंड केलेल्या जाड काचेत तो कितीतरी जास्त असतो. अशी काच वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळा वेळ ठेवा आणि ताण किती उरला ते पाहा. वर काढलेला ‘अर्धा मिनिट’ आणि ‘सतरा मिनिटं’ हा हिशेब तुमच्या भट्टीत खरा ठरतो का? नसेल ठरत, तर का? आणि टूल-नारायणस्वामी प्रारूप पायथॉनमध्ये स्वतः लिहा. तयार सॉफ्टवेअरचं बटण दाबण्याआधी हे केलंत, तर उधारीचे आकडे तुम्हाला लांबून ओळखू येतील.

पेपर वाचताना मी वहीत हे प्रश्न लिहून ठेवतो. तुम्हीही लिहा:

१. कोणता दोष मोजला, आणि कोणते मोजलेच नाहीत?
२. हा दोष कमी करताना दुसरा कोणता वाढला असेल? त्यांनी पाहिलं का?
३. काचेचे आकडे त्याच काचेचे आहेत का, की उधार आणलेले?
४. तापमान कुठं मोजलं? साच्यात, काचेजवळ, की हीटरपाशी?
५. किती लेन्स बनवल्या, आणि त्यांच्यात आपापसात किती फरक होता?
६. खुंट्या न फिरवता दुसऱ्या एखाद्या परिस्थितीत प्रारूप तपासलं का?
७. माझ्या मशीनवर यातलं काय लागू पडेल: आकडा, की कारण?

सातपैकी चार प्रश्नांची उत्तरं पेपरमध्ये मिळाली, तर तो पेपर चांगला समजा आणि पुन्हा वाचा. एकाचंही मिळालं नाही तर फेकून देऊ नका. त्यातली मोजमापं काढून घ्या, निष्कर्ष तिथंच सोडा. आणि जे उत्तर कुठल्याच पेपरमध्ये सापडत नाही, तिथं बहुधा तुमचा विषय आहे.

पुढच्या लेखात फिक्टिव्ह टेम्परेचर कसं मोजतात ते उदाहरणासह बघू. तोवर एखादा ऑप्टिमायझेशनचा पेपर घ्या, हे सात प्रश्न त्याला विचारा, आणि काय मिळालं ते आपल्या गाइडसमोर बसून बोला.